फळ्याच्या कोपऱ्यातले अर्धे उत्तर

सातवीत गणिताच्या बाई तोंडी उदाहरणे घेत, तेव्हा उत्तर देताना मध्येच अडलेल्या मुलापाशी थांबून त्या साऱ्या वर्गाला ताटकळत ठेवीत नसत. त्याने सांगितलेला भाग फळ्याच्या कोपऱ्यात त्याच्या हजेरी क्रमांकासमोर लिहून त्या दुसऱ्या वर झालेल्या हाताकडे वळत आणि पहिल्याचा हात पुन्हा वर आला की तेथून पुढचे ऐकत.

२००४ साली पुण्यात नोकरीला असताना पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला एक सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांकडून माहिती घेणारा प्रोग्राम, माझ्याकडे सोपवण्यात आला. १२ गोदामांतील वजनकाट्यांच्या नोंदी तो सॉकेटवरून, म्हणजे प्रत्येक गोदामाच्या संगणकाशी जोडलेल्या दुव्यावरून, घेत असे. एक नोंद म्हणजे एक ओळ. एखाद्या गोदामाची फोनलाइन मंदावून अर्धीच ओळ पोचली, की सर्व्हर त्याच क्लायंटपाशी, म्हणजे नोंद पाठवणाऱ्या त्या संगणकापाशी, खिळून राही आणि उरलेली ११ गोदामे खोळंबत.

प्रथम मी फोर्क ही आज्ञा वापरून प्रत्येक क्लायंटला स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रामची वेगळी प्रत, दिली. खोळंबा संपला, परंतु प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी असल्याने दिवसाची एकत्रित बेरीज जुळेना. मग एकाच प्रोसेसमधून सगळ्या सॉकेटांवर नजर ठेवू देणारे सिलेक्ट वापरले. तरीही सर्व्हर अडकतच राहिला, आणि त्याचे कारण उमगायला मला चार रात्री लागल्या. सॉकेटवर काहीतरी आले आहे, एवढेच सिलेक्ट सांगते. पूर्ण ओळ आली आहे, असे ते सांगत नाही, आणि मी तर पूर्ण ओळच मागत होतो. शिवाय दोन ओळी एकदम आल्या, तर पर्ल दोन्ही आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ओढून घेई, मला एकच देई, आणि सॉकेट रिकामे झाल्यामुळे सिलेक्ट दुसरीविषयी गप्प राही. हा दोष मी पहिल्याहून घातक मानतो, कारण त्यात काहीही बंद पडत नाही. नोंद केवळ उशिरा येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

चौथ्या रात्री मला बाईंचा तो कोपरा आठवला. मी एका हॅशमध्ये, म्हणजे नावानिशी कप्पे करता येणाऱ्या पर्लमधील यादीत, प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा कप्पा केला. सिसरीड या आज्ञेने, म्हणजे पर्लचा बफर टाळून, जेवढे बाइट आले असतील तेवढेच घ्यायचे, ते त्या कप्प्यात जोडायचे, ओळ पूर्ण झाली असेल तरच नोंद उचलायची आणि उरलेला तुकडा पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायचा, अशी रचना केली. सिसरीडने शून्य परत केले, तर क्लायंटने संबंध तोडला असे समजून त्याचे सॉकेट बंद करायचे व कप्पा पुसायचा.

त्या हॅशचे नाव मी ‘फळा’ ठेवले. तीन वर्षांनी मी ती नोकरी सोडली, तेव्हाही प्रोग्राममध्ये ते नाव तसेच होते.