लाल रेघ

गेल्या आठवड्यात अकरावीच्या प्रॅक्टिकलला एका मुलीच्या आलेखावर मी लाल पेनने रेघ मारली. ती अजून डोक्यातून जात नाही.

प्रयोग साधा लंबक. लांबी ६० ते १०० सेमी, दर वेळी २० आंदोलनांचा वेळ. मग आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळेचा, वर्ग. आलेख काढायला मी जीव तोडून शिकवतो. प्रमाण १, २ किंवा ५ च्या पटीत घ्या; ३ घेतलंत तर दहा बारीक चौकोनांत एकेक बिंदू शोधताना जीव जाईल. टोकदार पेन्सिल, बारीक ठिपका, भोवती वर्तुळ. ठिपक्याला ठिपका जोडायचा नाही. पारदर्शक पट्टी अशी ठेवायची की ठिपके दोन्ही बाजूंना सारखे राहतील. चढ काढायला स्वतःची रीडिंग घ्यायची नाहीत, रेषेवरचे लांबचे दोन बिंदू घ्यायचे.

तिने हे सगळं तंतोतंत केलं होतं. फक्त रेषा शून्यातून न जाता उभ्या अक्षाला चार बारीक चौकोन वर छेदत होती.

"सर, पट्टी शून्यावर ठेवली की ठिपके सुटतात."

"लांबी शून्य तर काळही शून्य. उद्या नवीन काढून आण." मागे बारा मुलं सहीसाठी उभी होती.

त्या सगळ्यांच्या रेषा शून्यातूनच गेल्या होत्या. गुण उत्तराला मिळतात, म्हणून चढावरून काढायच्या गुरुत्व त्वरणाचं, म्हणजे 'जी'चं, ९.८ हे उत्तर आधी ठरतं आणि रीडिंग मागून येतात. मला ते पान उघडताच कळतं, तरी मी सही करतो.

तिचं पान टेबलावरच राहिलं होतं. दुपारी ते पुन्हा हातात घेतलं. उभ्या अक्षावर १ सेमीला ०.२, म्हणजे चार चौकोन ०.०८. चढ ४.०३. भागाकार ०.०२ मीटर, दोन सेंटिमीटर. तिचा लंबक काढून पाहिला. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते; तिने दोरा हुकाच्या गाठीपर्यंतच मोजला होता. हूक १ सेमी, व्हर्नियरने गोळ्याची त्रिज्या १ सेमी. मोजायचे राहिलेले दोन सेंटिमीटर तिच्या रेषेने बरोबर दाखवले होते. शिवाय तिच्या चढावरून जी ९.८ येत होता, शून्यातून मारलेल्या माझ्या लाल रेघेवरून ९.६.

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन मी वर्गात गेलो. मी काही बोलायच्या आत तिने नवा आलेख पुढे केला. रेषा शून्यातून, जी ९.८१. ६० सेमीला ३१.६ सेकंद होते, तिथे आता ३१.१ लिहिलं होतं.