स्टेशनपासून पाच मिनिटं: ठाणे-नवी मुंबईत घर शोधताना

एजंट फोनवर म्हणाला होता, "मॅडम, स्टेशनपासून पाच मिनिटं." घर खरंच छान निघालं. पाच मिनिटं मात्र रिक्षाची होती, तीही दुपारी एकची. संध्याकाळी रिक्षाच्या रांगेत जी वीस मिनिटं जातात, ती त्यानं धरलीच नव्हती.

२०२४ च्या जुलैत आम्ही दोघं साताऱ्याहून तीन दिवस काढून भाड्याचं घर बघायला आलो होतो. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, माझं घाटकोपरला. लेकीला आजीपाशी ठेवलं आणि नौपाड्यात आत्याकडे मुक्काम टाकला. पहिल्याच रात्री मी तिला अकरा घरांची यादी दाखवली. चष्मा लावून तिनं ती पूर्ण वाचली. "अगं, ही घरांची यादी झाली. गाड्यांची कुठाय?" आत्याची सगळी नोकरी लोकलच्या दारात उभं राहून झालेली. यादी बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी घोडबंदर रोड. येऊरचे डोंगर पावसात असे काही हिरवे दिसतात की बिल्डरला वेगळी जाहिरात करायची गरज नाही. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असं पुढे पुढे जावं तसं त्याच भाड्यात घर मोठं होत जातं. आम्ही मुद्दाम संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनवरच्या सॅटिस पुलावरून, म्हणजे बससाठी बांधलेल्या उंच पुलावरून, टीएमटीची (ठाणे महापालिकेची) बस पकडली. कासारवडवलीला उतरलो तेव्हा पावणेआठ वाजून गेले होते. गुजरातकडे जाणारे अवजड ट्रक याच रस्त्यानं जातात, मधोमध तेव्हा मेट्रो ४ चं काम चालू, वर पाऊस. तिकडेच ऑफिस असलेल्यानं किंवा घरून काम करणाऱ्यानं खुशाल घ्यावं. रोज स्टेशन गाठायचं असेल तर घर ठरवण्याआधी ही बस एकदा कराच, आणि शनिवार-रविवार सोडून करा.

तिसरा दिवस ट्रान्स-हार्बरचा, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलचा. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण साताऱ्यात बसून नकाशावर हे कळत नाही. ठाण्याहून निघालेली गाडी दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी जाते. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो: काही गाड्या सानपाड्यावरून वाशीला, काही जुईनगरवरून नेरूळ-पनवेलकडे. म्हणजे तुर्भ्याच्या अलीकडे राहणाऱ्याला समोर येईल ती गाडी चालते. पलीकडे राहणाऱ्याला बोर्ड वाचून आपली गाडी येईपर्यंत थांबावं लागतं. वाशी आणि नेरूळ मोठी, नावाजलेली उपनगरं, आम्हाला आवडलीही. पण ठाण्याशी रोजचा संबंध असेल तर घणसोली, कोपरखैरणे जास्त सोयीचं. खारघर बघायला गेलोच नाही. तिथून घाटकोपर म्हणजे हार्बरनं कुर्ला आणि पुन्हा गाडी बदल, तेव्हा डोंगर कितीही सुंदर असोत.

ऐरोलीत उतरलो की नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची आखणी कळते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसी आणि आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला सेक्टर. सेक्टरमध्ये सरळ रस्ते, बाग, बाजार, सगळं चालत. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे पाण्याचं सुख इथले लोक बोलूनही दाखवतात. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. म्हणून ठाण्यात "पाणी येतं का?" असं विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. "टँकर कोणत्या वारी येतो?" असं विचारा. आणि एजंटला नाही, इस्त्रीवाल्याला विचारा. त्याला तुमच्याकडून काही कमवायचं नसतं, आणि बिल्डिंगमधली अर्धी भांडणं त्याच्या टेबलावरून गेलेली असतात. कोपरखैरण्यात अशाच एका काकांनी आपणहून सांगितलं की थंडीत काही रात्री कारखान्यांच्या बाजूनं उग्र वास येतो, दम्याचं कुणी असेल तर विचार करा. हे आम्हाला कुठल्याच एजंटनं सांगितलं नव्हतं.

घणसोलीत गावठाणातली घरंही बघितली. भाडं सेक्टरपेक्षा बरंच कमी, माणसं मोकळी, गल्ल्या मात्र इतक्या अरुंद की समोरच्या घरातली फोडणी आपल्याला शिंकवते. तिथे इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला पालिकेची परवानगी, आहे का, ते विचारून घ्या. बोलताना 'ओसी' म्हणालात की लगेच कळतं, आणि उत्तर देणाऱ्याचा चेहराही बघता येतो.

जुलैत घर बघायचा एक फायदा असा की ओल लपत नाही. नैऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर मारतो, तिकडचं कपाट उघडून आत नाक घाला. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तो का, ते विचारा. एका घरात उत्तर आलं, "वास्तुशास्त्रानुसार."

घर शेवटी मिळालं ते यादीत नसलेल्या जागी, ठाणे पूर्वेच्या कोपरीत. ठाणे पश्चिमेचा एवढा बोलबाला की पूर्वेकडे बघायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. तलावपाळी, गडकरी रंगायतन, राम मारुती रोड, सगळं पश्चिमेला, आणि भाडीही तशीच. पूर्वेला चेंदणी कोळीवाड्याचा एक भाग आणि सिंधी कुटुंबांची जुनी वस्ती. पण ट्रान्स-हार्बरचे प्लॅटफॉर्म स्टेशनच्या पूर्वेच्या टोकाला आहेत. नवरा घरातून निघाला की आठ मिनिटांत ऐरोलीच्या गाडीत. मला पूल ओलांडून घाटकोपरची फास्ट. गर्दी नको असेल त्या दिवशी ठाण्याहूनच सुटणारी स्लो, तिला बसायला मिळतं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मी सांगणारच होते, पण तुम्हाला डोंगर बघायचे होते ना."

कागदपत्रांचं थोडक्यात: ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, एक महिन्याचं भाडं दलालीत गेलं. करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. "नोटरी पुरते" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पोलीस पडताळणी आणि सोसायटीचा फॉर्म यांना दोन-तीन दिवस धरा. सोसायटीत सामान आत न्यायचे वार-वेळा आधी विचारा. आमच्या इथे रविवारी बंदी, आणि आम्ही टेम्पो रविवारचाच ठरवला होता.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हमालांनी फ्रिजचे पैसे मजल्यामागे लावले, कपाटाचे वेगळे. भाव टेम्पो निघायच्या आधी ठरवा. जिन्यात उभं राहून ठरवलात तर ते म्हणतील तेवढे द्यावे लागतात.