सरळव्याज दिवाळीनंतर असतं

एप्रिलात आमच्याकडे दोन गोष्टी एकदमच येतात. साखर कारखान्यांचा पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात आणि त्याच सुमारास वर्षअखेरची संकलित मूल्यमापन दोनची चाचणी लागते. दिवाळीपासून वर्गात नसलेली पोरं ट्रकमधून उतरतात न उतरतात तोच मराठी, गणित, इंग्रजीच्या पेपरला बसतात.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आठवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेवर मी गणित शिकवतो. पेपरच्या आदल्या दिवशी एका शिक्षकमित्राचा फोन आला, "परतलेली पोरं उद्या गैरहजर टाक, सरासरी वाचंल." सल्ला नवा नव्हता. पण पटावर नाव आहे, पोरगं दारात उभं आहे, त्याला घरी कसं पाठवायचं? सगळ्यांना बसवलं.

शनिवारी सकाळच्या शाळेनंतर मी गुण नोंदवायच्या सरकारी चॅटबॉटवर गुण भरत बसलो होतो, तेवढ्यात केंद्रप्रमुख साहेब आले. सातवीचे गुण बघून म्हणाले, "सर, गणित फारच खाली गेलंय. प्रवर्गनिहाय काढा बरं, कोण मागे पडतंय ते कळेल."

युडायसची, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, यादी उघडली. युडायसला चारच प्रवर्ग कळतात: सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास. आमचे वंजारी-धनगर राज्याच्या दप्तरी भटक्या जमातीत, इथे मात्र इतर मागासमध्ये जातात. त्यामुळे जवळजवळ सगळा वर्ग एकाच रकान्यात बसतो, आणि वर्गातला पहिलाही त्याच रकान्यात, शेवटचाही. दारिद्र्यरेषेच्या रकान्यातूनही काही निघेना. मग मी हजेरीपट काढला आणि नोव्हेंबर ते मार्चच्या हजेरीने नावं लावली. लावता लावताच वर्गाचे दोन वर्ग झाले. गावात राहिलेल्यांचे गुण बरे होते, काहींचे चांगलेच. तळाची सगळी नावं उसाच्या फडावरून आलेली.

साहेब म्हणाले, "हे तर होणारच." पण मला उत्तरपत्रिका दाखवायच्या होत्या. सातवीच्या गणिताच्या पुस्तकाचे दोन विभाग आहेत. पूर्णांक, मसावि-लसावि, परिमेय संख्या, घातांक हे पहिल्यात. समप्रमाण-व्यस्तप्रमाण, बँक व सरळव्याज, वर्तुळ, पायथागोरस दुसऱ्यात. दुसरा विभाग दिवाळीनंतर शिकवायचा. परतलेल्या पोरांनी पहिल्या विभागातली बरीच गणितं धडपडत का होईना सोडवली होती. दुसऱ्याची पानं कोरी. चूक उत्तरही नाही, कोरी.

शालेय पोषण आहाराची भांडी घासायला थांबलेली त्यांच्यातलीच एक मुलगी व्हरांड्यात होती. तिला हाक मारली. सरळव्याजाचा प्रश्न समोर ठेवून विचारलं, "हे का सोडलंस?"

"हा धडा कवा झाला, सर?"

"डिसेंबरात."

"तवा आमी कर्नाटकात होतो."

साहेब शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी तिला टनाचा भाव विचारला. "तीनशे सहासष्ट," ती म्हणाली, आणि कुणी न विचारताच पुढे, "दोन टनाचं सातशे बत्तीस." एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, आगाऊ उचल किती, त्यातली फिटली किती, अंगावर बाकी किती, सगळं तिला पाठ होतं. मुद्दल कशाला म्हणतात हे मात्र सांगता येईना.

असं काही पाहिलं की बाहेरून येणारे पाहुणे भारावतात, 'जीवनशिक्षण' वगैरे म्हणतात. मला त्याचा राग येतो. या हिशेबाला कुणी गुण देत नाही. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण त्या परीक्षेला बसायला सातवीत 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 50. अर्धं पुस्तक कोरं असलेल्या पोरीने ते कुठून आणायचे?

तिच्याकडे शिक्षण हमी कार्ड होतं. जाताना आम्हीच दिलेलं, जिथं जाशील तिथल्या शाळेत दाखव म्हणून. दप्तरातून तिने ते काढून दिलं, चार घड्या पडलेलं. त्यावर आमच्या शाळेशिवाय एकाही शाळेचा शिक्का नव्हता. फड संपला की कोपी, म्हणजे तोडणीवाल्यांची झोपडी, हलते. शिक्का कुठे मारून घेणार? फडावर न जाता गावात राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह होतं, तिचा भाऊ त्याच्या यादीत होता आणि आजीपाशी राहिला होता. तिला नेलं, कारण आई मोळ्या बांधत असताना कोपीवर तान्ह्याला बघायला कुणीतरी हवं होतं. यादी पुन्हा पाहिली तेव्हा सातवी-आठवीच्या मुली बोटावर मोजण्याइतक्या निघाल्या.

साहेबांच्या अहवालात 'उपाययोजना' असा रकाना होता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी सरळव्याज आणि समप्रमाण दिवाळीआधी घेतो. ते हसले, "ऑक्टोबरची संकलित एक पहिल्या विभागावर असते. तिथं खाली जाल." मुख्याध्यापक इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "जाऊ द्या. तिथं कोणाचं शिक्षण बुडत नाही, आमचा फक्त आकडा बुडतो." साहेबांनी तसंच लिहून घेतलं.

पण एनएमएमएसचा पेपर डिसेंबरात असतो. धडे पुढे-मागे करून तो काही अलीकडे येत नाही. त्या दिवशी पोरगी गावातच असायला हवी. म्हणून संध्याकाळी मी आणि मुख्याध्यापक तिच्या आजीकडे गेलो. म्हातारी म्हणाली, "गुरुजी, दोघांला भाकरी घालीन मी. पर ल्हान्याला फडात कोण बघंल, ते सांगा." आई तिथेच बसली होती. ती ना हो म्हणाली, ना नाही.

वसतिगृहाच्या प्रस्तावात मुलीचं नाव घातलं आहे. टोळी नेणारा मुकादम उचल वाटायला येण्याआधी आईशी पुन्हा बोलायला जायचं आहे, आणि या वेळी बापही घरी असेल अशा बेताने.