मिडवेची लढाई वाचताना आधी घड्याळ, मग डेक

दुसऱ्या महायुद्धात, ४ जून १९४२ रोजी, पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळ जपानी आणि अमेरिकी विमानवाहू नौकांमध्ये जे घडलं त्यावर ढीगभर पुस्तकं आहेत. दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की वेळा जुळत नाहीत आणि वाचक वैतागतो. त्याचं कारण साधं आहे. जपानी आरमाराची घड्याळं जगात कुठेही टोकियोच्या वेळेवर चालत आणि मिडवेची स्थानिक वेळ तिच्या २१ तास मागे होती. जपानी ताफ्याचे सेनापती नागुमो यांच्या चार विमानवाहू नौकांवरून १०८ विमानांची पहिली लाट ४ जूनला पहाटे साडेचारला उडाली. जपानी नोंदीत तीच वेळ ५ जूनची रात्री दीडची. अमेरिकी ताफ्याचे बरेच अहवाल स्थानिक वेळेच्या दोन तास पुढे आहेत. म्हणून पुस्तक उघडलं की आधी अमेरिकी डाइव्ह बॉम्बरांचा, म्हणजे उंचावरून सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांचा, निर्णायक हल्ला किती वाजता दाखवलाय ते बघा. सकाळचे १० वाजून २० मिनिटं असतील तर स्थानिक वेळ, १२.२० असतील तर ताफ्याची, ७.२० असतील तर टोकियोची. मग आपल्या वहीत सगळं एकाच वेळेत उतरवून घ्यायचं.

वेळ एकदा लागली की डेककडे, म्हणजे नौकेवरच्या धावपट्टीकडे वळा. खरी लढाई तिथेच समजते.

मित्सुओ फुचिदा हे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलेले वैमानिक. मिडवेच्या वेळी ते अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर नागुमोंच्या 'आकागी' नौकेवर होते. त्यांचं १९५१ सालचं पुस्तक १९५५ मध्ये इंग्रजीत आलं आणि त्यातलं चित्र जगभर रुजलं. प्रतिहल्ल्याची विमानं डेकवर सज्ज, इंजिनं सुरू, आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर सगळी उडाली असती! फार प्रभावी चित्र आहे, पण डेकच्या हिशेबात ते बसत नाही.

हिशेब असा. जपानी नौकांवर टॉर्पेडो विमानं डेकखालच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या दालनात, सज्ज केली जात. सव्वासातला नागुमोंनी टॉर्पेडो काढून जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावायला सांगितलं आणि पावणेआठच्या सुमारास, शत्रूची जहाजं दिसल्याची बातमी आल्यावर, ते काम थांबवलं. टॉर्पेडो आणि बॉम्ब अडकवायची चौकट वेगवेगळी असते आणि वजन उचलणारे गाडे मोजकेच, त्यामुळे एका वेळी थोड्याच विमानांचं काम होतं. तेवढ्यात मिडवेवरून परतलेली विमानं आली. ती उतरवायला साधारण ८.३७ ते ९.१८ हा वेळ गेला आणि उतरताना डेक मोकळा लागतो. त्यानंतर प्रतिहल्ला उभा करायचा तर विमानं लिफ्टनं वर आणायची, ढकलत मागे न्यायची, पंख उघडायचे, इंजिनं तापवायची. बंदिस्त हँगरमध्ये इंजिनं तापवता येत नसत. हे सगळं सलग पाऊण तासाचं काम.

९.१८ ते १०.२० या तासाभरात सलग पाऊण तास मिळाला का? नाही. ९.२० च्या सुमारास अमेरिकी विमानवाहू नौका 'हॉर्नेट'ची १५ टॉर्पेडो विमानं आली, मग 'एंटरप्राइज'ची, मग 'यॉर्कटाउन'ची. प्रत्येक वेळी नौका जोरात वळत होत्या. गस्तीवरच्या झिरो या जपानी लढाऊ विमानांच्या २० मिलिमीटर तोफांना प्रत्येकी फक्त ६० गोळ्या असत, म्हणजे काही सेकंदांचा मारा. गोळ्या संपल्या की उतरायचं, भरायच्या, पुन्हा उडायचं. झिरो उतरत-उडत असताना मागच्या डेकवर हल्ल्याची विमानं रचता येत नाहीत. म्हणजे ती हँगरमध्येच होती, इंधन भरलेली, आणि काढलेला दारूगोळा कोठारात परत न जाता आसपासच पडलेला. बंद हँगरमध्ये स्फोटाला बाहेर पडायला वाटच नाही. एका थेट बॉम्बनं 'आकागी' का संपली, याचं उत्तर इथे आहे.

जपानच्या अधिकृत इतिहासाचा मिडवेवरचा खंड १९७१ मध्येच आला आणि त्यात फुचिदांच्या चित्राला आधार नव्हता. इंग्रजी वाचकांपर्यंत हे ठसठशीतपणे पोचायला २००५ साल उजाडलं. म्हणून मी प्रकाशनाचं साल मुखपृष्ठाआधी बघतो.

याच हिशेबातून दुसरी एक समजूतही तपासावी लागते. 'हॉर्नेट'च्या त्या १५ विमानांपैकी एकही परतलं नाही, एकच वैमानिक वाचला. त्यांनी पाण्यालगत उडत झिरोंना खाली खेचलं म्हणून वरून डाइव्ह बॉम्बर मोकळे आले, असं लिहिलं जातं. पण मध्ये तास गेला होता आणि झिरोला परत उंची गाठायला काही मिनिटंच पुरतात. खाली खेचण्याचं श्रेय 'यॉर्कटाउन'च्या तुकडीला जास्त शोभतं, कारण तिचा हल्ला त्याच सुमारास चालू होता. आधीच्या तुकड्यांनी जे केलं ते वेगळं आणि मला तर त्याहून मोठं वाटतं: त्यांनी शत्रूचा डेकवरचा वेळ खाल्ला.

यंत्रातला बिघाडही शोधत जा, तो बहुधा एका ओळीत आटोपलेला असतो. 'यॉर्कटाउन'च्या मॅक्स लेस्लींनी बॉम्ब सज्ज करायचं विजेचं बटण दाबलं आणि बॉम्ब समुद्रात गेला. आणखी तिघांचं तेच झालं. १७ डाइव्ह बॉम्बर, १३ बॉम्ब. तरीही जपानी नौका 'सोर्यू'वर तीन बसले आणि लेस्ली नुसत्या मशीनगनवर सूर मारून गेले. याउलट उंचावरून बॉम्ब टाकणाऱ्या बी-१७ या अमेरिकी बॉम्बर विमानांच्या दलानं त्या दिवशी बरेच बॉम्ब लागल्याचं सांगितलं, प्रत्यक्षात एकाही जपानी नौकेला एकही लागला नाही. दावा नेहमी समोरच्या पक्षाच्या नोंदीशी ताडायचा.

आणि वारा. त्या दिवशी आग्नेयेकडून मंद वारा होता. विमानं उडवायला अमेरिकी नौकांना त्या दिशेला, म्हणजे शत्रूपासून दूर, वेगानं जावं लागे आणि अंतर वाढे. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली भारताची विमानवाहू नौका 'विक्रांत' हिच्याबद्दल वाचतानाही हेच विचारा. तिच्या एका बॉयलरला चीर गेली होती, त्यामुळे वेगावर मर्यादा. डेकवरचा वारा म्हणजे नैसर्गिक वारा अधिक जहाजाचा वेग. वारा पडलेल्या दिवशी वजनदार अलिझे ही पाणबुडीविरोधी विमानं उडवणं किती अवघड, हे ज्या पुस्तकात सांगितलेलं नाही, त्यात ४ डिसेंबरच्या कॉक्स बझारवरच्या सी हॉक लढाऊ विमानांच्या हल्ल्यामागची निम्मी मेहनत गाळलेली आहे.