पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या

काल आईला घेऊन कला महोत्सवातले लघुपट बघायला गेले. दांडिया बाजारातून रिक्षाने दहा मिनिटं. तिकीट नाही, पास नाही, आधी येईल त्याला खुर्ची. खेळ सातचा, पण आई साडेपाचलाच साडी नेसून तयार!

सहा लघुपट दाखवले. त्यातला एक अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. जेमतेम अकरा मिनिटांचा. एक आजी गेलेल्या नवऱ्याचा शर्ट उसवते आणि त्याच कापडातून नातवाला सदरा बेतते. संवाद एकही नाही, फक्त टाके तुटतानाचा बारीक कटकट आवाज. नेमका तेव्हाच डावीकडचा स्पीकर खरखरायला लागला. फार वाईट वाटलं. कोणीतरी तो आवाज किती जपून टिपला असेल! अशा कार्यक्रमात आवाजाची चाचणी आधी व्हायलाच हवी. आईने मात्र माझा हात घट्ट धरून ठेवला होता. बाबांचे शर्ट अजून आमच्या कपाटात आहेत.

परतताना गाडीवर शेव उसळ खाल्ली. आईला म्हटलं, दादासाहेब फाळके इथेच, आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांच्या काळातली ती संस्था. फाळक्यांचा १९१३ चा पहिला चित्रपटसुद्धा साधारण ४० मिनिटांचाच होता, मूक. हे सांगताना मला उगाच घरच्या माणसाचं कौतुक केल्यासारखं वाटतं.

आईने प्लेट खाली ठेवली. "उद्या पाचलाच निघू गं," म्हणाली, "पुढची रांग मिळेल."