गाडीतली ओल आणि इन्व्हर्टरची बॅटरी : एका पावसाळ्यातला माझा अनुभव

पावसाळ्यात गाडीला कुबट वास यायचाच, असं म्हणून आमच्या सावंतवाडीत बरेच जण तो वास दिवाळीपर्यंत चालवून घेतात. मला हे पटत नाही. गाडीतल्या कार्पेटखाली फोमचा जाड थर असतो. तो एकदा भिजला की वरचं कापड कोरडं लागलं तरी खाली पाणी राहतं, आणि त्याच्याच लगत वायरिंग गेलेलं असतं. पुढे जोडांना गंज चढतो, दिवे नि काचा मनाला येईल तशा चालू-बंद होतात, आणि तेव्हा मूळ कारण कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी पाणी साचू लागलं. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की समोरच्या काचेभोवती सिलिकॉन भरून घ्या. पाणी कुठून येतंय हे न बघता भोकं बुजवायला माझी तयारी नव्हती. गाडी घरी आणली आणि आधी ते पाणी कसलं आहे हे ठरवायला बसलो.

डाव्या पायाशी तीन प्रकारचं पाणी येऊ शकतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट असेल तर ते रंगीत आणि चिकट असतं, त्याला गोडसर वास येतो आणि बोनेटखालच्या टाकीतली पातळी उतरते. एसीचं असेल तर स्वच्छ असतं, पण पाऊस नसतानाही एसी लावला की येतं. अशा वेळी एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते आणि गाडीखाली नेहमी दिसणारं थारोळं दिसत नाही. तिसरं पावसाचं. पांढऱ्या कागदाने टिपून बघितलं तर ना रंग, ना चिकटपणा. उघडीप असताना एसी लावून बांद्यापर्यंत जाऊन आलो. आत कोरडं, गाडीखाली थारोळं. म्हणजे पाणी पावसाचंच.

मग नळी लावून तपासणी. इथे घाई केली की सगळं फसतं. पाणी खालून वर मारत जायचं: आधी दरवाजाचा उंबरा, मग दरवाजा, मग काचेची कड, शेवटी बोनेट आणि काच यांमधली वायपरखालची जाळी. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळून सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. धार बारीक ठेवायची. जोराच्या फवाऱ्याने पाऊस कधी शिरत नाही अशा फटींतूनही पाणी शिरतं. मुलगा आत टॉर्च घेऊन पाय आखडून बसला होता, खाली वर्तमानपत्रं पसरली होती. दरवाजा झाला, काच झाली, काहीच नाही. जाळीवर नळी धरली आणि थोड्या वेळाने आतून हाक आली, "बाबा, आलं! डॅशबोर्डच्या कप्प्याच्या मागून, पंख्याच्या खोक्यातून येतंय!"

आमची गाडी आंब्याखाली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहर गळतो, मग पालापाचोळा, आणि ते सगळं त्या जाळीतून आत जातं. जाळीखाली एक पन्हळ असते. तिचं पाणी दोन्ही बाजूंच्या भोकांतून चाकामागे बाहेर पडायला हवं. भोक तुंबलं की पन्हळ भरते आणि पाणी एसीच्या हवेच्या तोंडातून थेट आत येतं. वायपरच्या दांड्या काढायच्या आधी त्यांची जागा काचेवर चिकटपट्टीने खुणावून ठेवली. जाळी उचलली तर खाली काळा चिखल. तो हाताने उपसला, भोकात जाड पण लवचीक नळी फिरवली, मग तांब्याभर पाणी ओतलं. डाव्या चाकामागून ते लगेच खाली पडलं. एसीचा फिल्टर चिंब भिजून बुरसला होता, तो बदलला. सिलिकॉन कुठेही लागलं नाही.

फोम वाळवणं मात्र किचकट. सीट काढली नाही, कारण सीटखालचे पिवळे जोड एअरबॅगचे असतात; बॅटरी सोडवल्याशिवाय त्यांना हात लावू नये. उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेट लाकडाच्या ठोकळ्यांवर उचललं आणि आत टेबलफॅन लावला. आपल्याकडच्या दमट हवेत नुसत्या पंख्याने भागत नाही. मधूनमधून गाडी मोकळ्या अंगणात चालू ठेवून एसी आणि हीटर एकदम लावला, हवा पायाकडे सोडली. एसी दमटपणा ओढून घेतो, म्हणून याचा गुण येतो.

त्याच रात्री लाइट गेली, पंखा इन्व्हर्टरवर आला आणि अर्ध्या तासात इन्व्हर्टर किंचाळू लागला. बॅटरी १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची. म्हणजे १८०० वॉट-अवर. घट धरूनही हजार-अकराशे हाती यायला हवेत. दोन पंखे, चार दिवे आणि राउटर मिळून २०० वॉटच्या आसपास. पाच तास चालायला हवं ते अर्धा तास? दुकानात उत्तर तयार होतं: बॅटरी गेली, नवी घ्या.

बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर महाग नसतो, आणि तो खरं सांगतो. चष्मा आणि हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून बॅटरीचे सहाही सेल, म्हणजे कप्पे, मोजले. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा खूप खाली असता तर बॅटरी खरंच गेली असती. इथे सगळे सारखेच, ११८० च्या आसपास. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत ते १२४० च्या जवळ असतं. म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती, उपाशी होती.

का उपाशी, हे मल्टीमीटरने दाखवलं. संध्याकाळी आमच्या सॉकेटमध्ये जेमतेम १७० व्होल्ट येत होते. इन्व्हर्टरमागचा खटका यूपीएसवर होता, म्हणजे लाइट जाताना संगणक बंद पडू नये अशा सोयीवर, आणि त्या स्थितीत इन्व्हर्टर साधारण १८० च्या खालचा वीजपुरवठा घेतच नाही. गावात लाइट असताना आमचं घर रोज बॅटरीवर चालत होतं. खटका दुसऱ्या बाजूला केला. तिथे तो बराच कमी दाबही स्वीकारतो. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर होता. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवून, सेलची झाकणं घट्ट लावून, तो खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतला, पुसून व्हॅसलिन लावलं. पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घातलं. ॲसिड कधीही घालायचं नाही. सेल १२३० च्या वर आले आणि घर पुन्हा चार तासांहून जास्त चालू लागलं.

व्होल्टेज कमी का, हा भाग आपल्या हातातला नाही. खांबावर चढणं वायरमनचं काम. त्याने येऊन बघितलं तर खांबावरून घराकडे येणाऱ्या आमच्या सर्व्हिस वायरचा जोड ढिला होता. तो आवळल्यावर संध्याकाळी २१० दिसू लागले. तरी खटका मी पावसाळाभर तसाच ठेवला आहे. या स्थितीत लाइट जाताना क्षणभर खंड पडतो आणि मुलाचा संगणक बंद होतो, म्हणून त्याच्यापुरता एक छोटा यूपीएस वेगळा घेतला.