पसरणीचा घाट आणि शेवटचा क्रमांक

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे पाच वाजता कात्रजच्या चौकात चौदा सायकली उभ्या होत्या आणि त्यांत सर्वांत जड सायकल माझी होती. हा केवळ अंदाज नव्हे. चाकांतली हवा तपासण्याच्या निमित्ताने मी जवळजवळ सगळ्या सायकली एकेकदा उचलून पाहिल्या होत्या आणि प्रत्येक सायकल खाली ठेवताना मन थोडे अधिक खचले होते. जाण्याचे ठिकाण होते महाबळेश्वर. अंतर सुमारे ११० किलोमीटर. वाटेत कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट.

मी बँकेत नोकरी करते, वय ४७ आणि सायकलीचा अनुभव जेमतेम दोन वर्षांचा. खडकवासला, सिंहगडाचा पायथा आणि एकदा धापा टाकत पार केलेला बोपदेव घाट एवढीच माझी मिळकत होती. या गटात मला ओढले ते आमच्या सोसायटीत राहणाऱ्या, ६४ वर्षे वयाच्या एका निवृत्त अभियंता काकांनी. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करण्याच्या ब्रेव्हेची (लांब पल्ल्याच्या, वेळेच्या मर्यादेत पुऱ्या करायच्या सायकलफेरीची) पदके त्यांच्या दिवाणखान्यात टांगलेली आहेत. परंतु ते स्वतः त्यांच्याविषयी कधी बोलत नाहीत. मी येऊ की नको, असे विचारल्यावर त्यांनी एवढेच म्हटले होते, "या की. सर्वांत मागे मी असतोच. माझ्या मागे राहता येत नाही, एवढा एकच नियम आहे."

कागदावर पाहिले तर ही चढण फार भीतिदायक दिसत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास. म्हणजे वजाबाकी ८०० मीटरांची. परंतु ही वजाबाकी फसवी आहे, हे मला त्या दिवशी पायांनी समजले. कात्रज चढून जी उंची कमवावी, ती पलीकडे शिंदेवाडीच्या उतारावर खर्च होते. खंबाटकी चढून पुन्हा कमवावी, ती वेळे गावापर्यंत पुन्हा गमवावी लागते. आमच्या बँकेत असा जमाखर्च कोणी मांडला असता, तर त्याला केबिनमध्ये बोलावून घेतले असते.

जुन्या कात्रज घाटात अंधार होता. नवीन बोगद्याने जाणारी वाहने या वाटेला फारशी येत नाहीत. त्यामुळे चौदा पांढरे दिवे पुढे आणि चौदा लाल दिवे मागे लुकलुकत वळणे घेत वर सरकत होते. मागे वळून पाहिले की पुण्याचे दिवे खाली पसरलेले दिसत. याच ठिकाणी मी दिवसाची पहिली चूक केली. थंडी होती, पाय ताजे होते, आणि पुढच्या तरुण मुलांचे लाल दिवे दूर जाताना दिसले की मन आपोआप त्यांच्यामागे धावत होते. जुन्या बोगद्याच्या तोंडाशी मी पाचव्या क्रमांकाने पोहोचले आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला. सर्वांत शेवटी आलेल्या काकांना मात्र धाप लागलेली नव्हती. ते म्हणाले, "छान चढलात ताई. पण हे जे आत्ता खर्च केलेत ना, ते पसरणीत व्याजासकट मागतील." बँकेतल्या बाईला व्याजाची भाषा लगेच समजावी, हा त्यांचा हेतू असावा. मला ती समजली नाही.

खेड शिवापूर, कापूरहोळ, किकवी हा टप्पा सांगण्यासारखा नाही. महामार्गाची कड, डाव्या हाताला फुटलेल्या काचा, उजव्या कानाशी ट्रकचा वारा, आणि पूर्वेला हळूहळू तांबडे होणारे आकाश. सारोळ्याच्या पुढे नीरा नदी ओलांडली, की पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा सुरू होतो. पुलावर धुके होते. शिरवळला पोहे आणि दोन-दोन कप चहा झाला. तोपर्यंत दोन पंक्चर होऊन गेली होती आणि आमचे वेळापत्रक पाऊण तासाने मागे पडले होते. त्या पाऊण तासाची किंमत पुढे भर उन्हात मोजावी लागणार आहे, याचा विचार पोहे खाताना कोणीच केला नाही.

खंबाटकीची गंमत अशी होती, की तेव्हा साताऱ्याकडून पुण्याकडे येणारी वाहने बोगद्यातून जात आणि साताऱ्याकडे जाणाऱ्यांना मात्र घाट चढावा लागे. म्हणजे चढणीची संपूर्ण बाजू आमच्या वाट्याला. रस्ता एकेरी असल्यामुळे समोरून कोणी येत नव्हते, हा मोठा दिलासा. परंतु मालाने भरलेले ट्रक आपल्याच वेगाने शेजारून कण्हत चढत असतात, तापलेल्या क्लचचा जळका वास नाकात बसतो, आणि एखाद्या ट्रकला आपण मागे टाकले तरी पुढच्या वळणावर तो पुन्हा आपल्याला गाठतो. एका ट्रकचा क्लीनर दारातून अर्धा बाहेर झुकून मला म्हणाला, "या ताई, हळूहळू या." त्याच्या स्वरात थट्टा नव्हती. त्यांचा ट्रकही हळूहळूच येत होता.

या घाटातच माझी चेन उतरली. चढ एकदम तीव्र झाला, म्हणून मी पायांवर पूर्ण जोर असतानाच पुढचा गिअर बदलला. अनुभवी सायकलस्वार हे कधी करत नाहीत. चढ दिसताच, पाय अजून सैल असताना ते गिअर हलका करून ठेवतात आणि बदलण्याच्या क्षणी पॅडलवरचा दाब किंचित कमी करतात, म्हणजे ताणलेली चेन एका चकतीवरून दुसरीवर अलगद सरकते. मी दाब दिला तसाच ठेवला. कर्रकन आवाज झाला, पॅडल रिकामे फिरले आणि मी कशीबशी डाव्या कडेला पाय टेकला. हात काळे करून चेन बसवीपर्यंत काका येऊन थांबले होते. त्यांनी मदत केली नाही, नुसते उभे राहिले. ट्रकच्या आणि माझ्या मध्ये. माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत मोठी मदत तीच होती.

खामजाई देवीच्या देवळापाशी दोन घोट पाणी पिऊन पलीकडचा उतार लागला. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत, दाबावेत आणि सोडावेत, वळणाच्या आधीच वेग उतरवून वळणात शिरावे, हे सगळे मला ऐकून माहीत होते. हातांना मात्र ते माहीत नव्हते. खाली पोहोचले तेव्हा पायांपेक्षा बोटेच अधिक दुखत होती. सुरूर फाट्याला महामार्ग सोडला आणि वाईच्या रस्त्याला लागलो. वडाच्या जुन्या झाडांची सावली, बैलगाड्या, उसाची शेते आणि ट्रकचा आवाज नाही. अख्ख्या प्रवासात मला गप्पा मारता आल्या, त्या याच दहा-बारा किलोमीटरांत.

वाईत ढोल्या गणपतीला नमस्कार करून, कृष्णेच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. तिथून उठूच नये असे वाटत होते. मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावात बसून झाले, त्या गावाला घाई नसणे स्वाभाविकच आहे. काकांनी मला दोन राजगिऱ्याचे लाडू खायला लावले. भूक नाही म्हटल्यावर म्हणाले, "भूक लागल्यावर खाऊन उपयोग नसतो. घाटात भूक लागली म्हणजे उशीर झालेला असतो."

वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी १,३०० मीटरच्या जवळ. मधले पावणेसहाशे मीटर अकरा-बारा किलोमीटरांत चढायचे, म्हणजे दर शंभर मीटरला सरासरी पाच मीटर वर. हा चढ अंगावर येणारा नाही. त्याची अडचण एवढीच, की तो संपत नाही. पायथ्याशी पसरणी गाव लागते. शाहीर साबळे यांचे हे गाव. एरवी मी तिथे क्षणभर थांबले असते. परंतु पोवाड्याचे नाव काढण्याइतकाही दम तेव्हा कोणाकडे शिल्लक नव्हता.

पहिल्या दोन वळणांतच गट फुटला. सपाटीवर चौदा जण एका ओळीत, एकमेकांच्या आडोशाने वारा चुकवीत जाऊ शकतात, कारण तिथे झगडा वाऱ्याशी असतो. घाटात वेग इतका कमी असतो की आडोशाचा उपयोग नाही. तिथे प्रत्येकाला स्वतःचे वजन स्वतःच वर न्यावे लागते. मी, सायकल, पाणी आणि सामान मिळून सुमारे ८२ किलो. पाचगणीला पोहोचल्यावर, रिकामा वेळ होता म्हणून, मी हिशेब केला : एवढे वजन पावणेदोन तासांत पावणेसहाशे मीटर वर न्यायला साधारण ८० ते ९० वॅट शक्ती लागते, म्हणजे घरातला छताचा पंखा फिरवायला लागते तेवढीच किंवा थोडी अधिक. तेच काम निम्म्या वेळात करायचे तर शक्ती जवळजवळ दुप्पट हवी. पुढे गेलेली मुले दोन पंख्यांची होती. मी एका पंख्याची आहे, हे कात्रजलाच मान्य केले असते तर पुढचा प्रकार टळला असता.

पुढचा प्रकार म्हणजे बुवासाहेबांच्या देवळाच्या आसपास माझ्या उजव्या पोटरीत आलेला गोळा. सूर्य डोक्यावर, डांबरातून वर येणारी धग, गवत वाळून पिवळे पडलेले, आणि पोटरी दगडासारखी. उतरून कठड्यावर बसले. एक वानर चार हात अंतरावर बसून माझ्या पिशवीकडे निरखून पाहत होते. काका आले, मीठ-साखरेचे पाणी दिले, पाय सरळ करून चवडा ओढून धरायला सांगितले आणि शेजारी बसून खालची दरी दाखवू लागले. वाईची घरे, कृष्णेचा वळणदार पट्टा, समोर पांडवगड, आणि डावीकडे धोम धरणाचे पाणी. डोंगरांचे उतार पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात, हे त्यांनी तिथे सांगितले : लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांतला कठीण खडक कड्यासारखा उभा राहिला आणि मऊ थर झिजून उतार झाला. म्हणूनच रस्ताही सारखा चढत नाही. एखादा किलोमीटर सैल सोडतो आणि मग अचानक आवळतो. वर टेबललँडच्या पठारावर जांभ्याचे टोपण आहे, ते अजून झिजलेले नाही. माझी अवस्था पाहता हे भूगर्भशास्त्र तेव्हा मला फार रुचले असे म्हणता येणार नाही, पण पंधरा मिनिटे मी पोटरीचा विचार केला नाही, हे खरे.

त्यानंतर पुढे १, मागे १, म्हणजे सायकलीतला सर्वांत हलका गिअर, आणि तो मी शेवटपर्यंत बदलला नाही. ताशी सहा-सात किलोमीटर. वरच्या वळणाकडे बघणे सोडून दिले. पुढच्या चाकासमोरच्या चार हात रस्त्याकडे पाहत राहिले. श्वास आणि पॅडल एका लयीत आले, तेव्हा लक्षात आले की पहाटेपासून मी दुसऱ्याच कोणाच्या तरी लयीत चढत होते. सर्वांत शेवटी असण्याची जी लाज सकाळी वाटत होती, ती शोधूनही सापडेना. मागे काकांच्या सायकलीच्या मागच्या चाकाचा टकटक आवाज तेवढा येत होता. ते मला सहज मागे टाकू शकत होते. पण नियम त्यांचाच होता.

हॅरिसन फॉलीच्या फाट्यावरून पॅराग्लायडिंगवाल्यांच्या छत्र्या दिसू लागल्या आणि दांडेघरच्या नाक्यावर गटातली सगळी मंडळी रस्त्याच्या कडेला बसून मक्याची कणसे खात असलेली दिसली. ती तासभर आमची वाट पाहत होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एका मुलाने फक्त आपल्या हातातले अर्धे कणीस पुढे केले आणि म्हणाला, "मावशी, लिंबू जास्त लावलंय."

पाचगणी ते महाबळेश्वर या वीसेक किलोमीटरांत उंचीचा फरक किरकोळ आहे, म्हणून हा टप्पा सोपा असेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. रस्ता सतत वरखाली होतो, आणि थकलेल्या पायांना प्रत्येक लहान चढ नवा घाट वाटतो. भिलारचा फाटा, प्लॅस्टिक अंथरलेल्या वाफ्यांतून डोकावणारी स्ट्रॉबेरी, मेटगुताड, आणि वेण्णा तलावापाशी घोडे, मोटारी व सहली यांच्या गर्दीत आमच्या सायकली चालण्याच्या वेगाने. सव्वाचार वाजता आम्ही महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पोहोचलो. सगळ्यांची छायाचित्रे काढून झाल्यावर काकांचे छायाचित्र कोणी काढले नाही, हे लक्षात आले. तोपर्यंत ते टेम्पोत सायकली चढवू लागले होते.

दोन सायकलींच्या मध्ये घोंगडी घालून, दोऱ्यांनी बांधून आम्ही परत निघालो. पसरणी घाट उतरताना अंधार पडला होता. मी खिडकीपाशी बसून एकेक वळण ओळखत होते : हे पोटरीचे, हे वानराचे, हे लाव्हाचे. वीस-पंचवीस मिनिटांत वाईचे दिवे जवळ आले. टेम्पोचालकाने आरशातून मागे पाहिले आणि सहज विचारले, "ताई, या घाटाला एवढं काय घाबरता? बारा किलोमीटरचा तर आहे." काका समोरच्या बाकावर झोपेचे सोंग घेऊन बसले होते, त्यांचे खांदे हलत होते.